‘मॅकबेथ’मधला खून आपल्याला दिसत का नाही?

शेक्सपिअरला रंगमंचावर रक्त सांडायचं वावडं नव्हतं. ‘ज्युलियस सीझर’मध्ये भर सभेत सुरे चालतात. ‘ऑथेल्लो’मध्ये डेस्डिमोनाचा जीव आपल्या डोळ्यांदेखत जातो. ‘किंग लिअर’मध्ये म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढले जातात आणि प्रेक्षकाला तोंड फिरवायलाही सवड मिळत नाही. खुद्द ‘मॅकबेथ’मध्येही मॅकबेथचा मित्र बँको याच्यावरचा हल्ला आपल्यासमोर होतो आणि मॅकडफ या सरदाराच्या लहानग्या मुलाला आपल्यासमोरच भोसकलं जातं. मात्र ज्या एका खुनावर या नाटकाचा सगळा डोलारा उभा आहे, तो राजा डंकनचा खून आपल्याला दिसत नाही. डंकनचा सरदार मॅकबेथ खंजिराच्या भासामागे आत जातो आणि थोड्या वेळाने रक्ताळलेल्या हातांनी बाहेर येतो. मधलं सगळं भिंतीपलीकडे घडतं.

ग्रीक शोकांतिकेत मृत्यू सहसा रंगमंचाबाहेर घडतो आणि त्याची वार्ता दूत आणतो. आपल्याकडे नाट्यशास्त्राच्या परंपरेतही रंगमंचावरचा वध वर्ज्य मानला गेला. शेक्सपिअरला असा कोणताच नियम बांधत नव्हता. तेव्हा हा खून त्याने जाणूनबुजून झाकला आहे. या नाटकातला ताण आणि अपराधाची टोचणी कशी उभी राहते, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही.

हे नाटक साधारण 1606 साली लिहिलं गेलं. त्याआधी तीन वर्षं, 1603 मध्ये, स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला होता आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्या आश्रयाने ‘किंग्ज मेन’ झाली होती. 1605 च्या नोव्हेंबरमध्ये पार्लमेंटसकट राजाला सुरुंगाने उडवण्याचा कट उघडकीला आला होता. राजाचा खून हा विषय तेव्हा लंडनमध्ये नुसता कल्पनेतला नव्हता. कथा शेक्सपिअरने रॅफेल हॉलिन्शेडच्या बखरीतून घेतली. पण त्याने तिच्यात जे फेरफार केले, त्यांतच सगळी मेख आहे.

इतिहासातला मॅकबेथ 1040 ते 1057 अशी सतरा वर्षं राज्य करून गेला आणि डंकन मेला तो लढाईत. हॉलिन्शेडचा डंकन मऊ स्वभावाचा, राज्य धड न सांभाळणारा आहे. मॅकबेथला गादीवर हक्क सांगायला जागा आहे, कटात बँकोसह त्याचे मित्र सामील आहेत आणि राजा झाल्यावर पहिली दहा वर्षं तो कारभारही चांगला करतो. शेक्सपिअरने यातलं एकेक काढून टाकलं. डंकनला वयस्कर, प्रेमळ आणि सज्जन केलं. मित्रांचा कट रद्द केला. बँकोला तर स्वच्छच ठेवणं भाग होतं, कारण राजा जेम्स आपला वंश बँकोपासून सांगत असे. चांगल्या कारभाराची दहा वर्षंही गेली. आणि खून करायची पद्धत त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका प्रकरणातून उचलली: डॉनवाल्ड नावाचा सरदार बायकोच्या चिथावणीवरून, पाहुणा म्हणून घरी आलेल्या डफ राजाला झोपेत मारवतो, त्याआधी पहारेकऱ्यांना खाऊपिऊ घालून बेशुद्ध करतो.

याचा परिणाम असा झाला, की मॅकबेथला सांगायला एकही सबब उरली नाही. अन्याय झालेला माणूस सूड घेतो तेव्हा प्रेक्षक निम्मा त्याच्या बाजूने असतो. इथे ज्याने कालच बढती दिली, जो नात्यातला आहे आणि आज आपल्या छपराखाली निर्धास्त झोपला आहे, त्याला मारायचं आहे. टोचणी पुढे किती खोल जाणार, हे शेक्सपिअरने कथा निवडतानाच ठरवून टाकलं होतं.

पुढे काय होणार हे कळत नाही म्हणून ताण वाढतो, असं आपण धरून चालतो. पण ‘मॅकबेथ’मध्ये पुढे काय होणार हे जवळजवळ सुरुवातीलाच सांगून टाकलेलं आहे. तिसऱ्याच प्रवेशात तीन चेटकिणी मॅकबेथ राजा होणार असल्याचं भाकीत करतात. त्यांच्या बोलण्यात खुनाचा शब्दसुद्धा नाही. तरी ते ऐकून मॅकबेथ दचकतो, आणि इतकी चांगली बातमी ऐकून हा का दचकला, असं शेजारी उभा असलेला बँको विचारतो. अख्ख्या नाटकातला पहिला खरा ताण या दचकण्यात आहे. खुनाचा विचार चेटकिणींनी आणला नाही. तो आधीपासून कुठेतरी होता आणि आता त्याला नाव मिळालं, ही शंका आपल्या मनात रुजते ती इथे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मॅकबेथला तर खाण्याआधीच खवखवायला लागतं.

इथून पुढे आपल्याला जे माहीत असतं ते डंकनला माहीत नसतं, आणि शेक्सपिअर ही दरी निष्ठुरपणे वापरतो. फितुरी करणाऱ्या कॉडरच्या सरदाराबद्दल राजा खंतावून बोलतो, की चेहऱ्यावरून मन ओळखण्याची कोणती विद्या नाही, त्या माणसावर आपण पूर्ण भरवसा ठेवला होता. हे वाक्य संपतं न संपतं तोच मॅकबेथ आत येतो, आणि राजा त्याचं तोंडभरून स्वागत करतो. थोड्या वेळाने राजा मॅकबेथच्या गढीपाशी पोचतो तेव्हा तिथली हवा किती प्रसन्न आहे म्हणून कौतुक करतो, आणि भिंतीच्या कोनाकोपऱ्यांत पाकोळ्यांनी घरटी केली आहेत म्हणजे जागा शुभ आहे, असं बँको म्हणतो. याच भिंतींच्या आत, अगदी आधीच्या प्रवेशात, लेडी मॅकबेथने आपल्यातली सगळी दयामाया शोषून घेण्यासाठी काळोखाच्या शक्तींना हाक घातलेली आपण ऐकलेली असते. खुर्चीतून उठून म्हाताऱ्याला सावध करावं असं वाटतं, पण करता येत नाही. प्रेक्षकाची ही असहायता हाच ताणाचा कच्चा माल.

पहिल्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात मॅकबेथ जेवणावरून उठून एकटाच बाहेर येतो आणि स्वतःशीच खटला चालवतो. मी त्याचा नातलग, त्याचा चाकर, शिवाय यजमान, म्हणजे खुन्यापासून दार राखायचं ते मी. आणि राजा म्हणून त्याच्यात काही खोट नाही. सगळा पुरावा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला फक्त महत्त्वाकांक्षा. निकाल तोच देतो: पुढे जायचं नाही. बायकोलाही तसं सांगतो. आणि मग शंभर ओळींच्या आत ती त्याला फिरवते. त्याच्या मर्दपणावर बोट ठेवते, शब्द फिरवल्याबद्दल टोचते, पहारेकऱ्यांना दारू पाजण्याची योजना समोर ठेवते. तिने त्याचा एकही नैतिक मुद्दा खोडलेला नाही, हे इथे लक्षात घ्यावं. मुद्दे जिथल्या तिथे आहेत. आपण करतोय ते पाप आहे, याची पूर्ण जाणीव असताना मॅकबेथ पाऊल उचलतो. ऑथेल्लोला फसवलं गेलं होतं; मॅकबेथला कोणीही फसवलेलं नाही, निदान या टप्प्यावर तरी नाही.

आता तो झाकलेला खून. दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश जेमतेम पाऊणशे ओळींचा आहे, आणि माझ्या मते जगाच्या रंगभूमीवर ताण कसा बांधावा याचा याहून नेमका धडा नाही. ग्लोब नाट्यगृहाला मधोमध छप्पर नव्हतं आणि प्रयोग दुपारी उजेडात होत, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. काळोख दाखवायला दिवे मालवायची सोय नव्हती. म्हणून आधीच्या प्रवेशात बँको मुलाला रात्र किती झाली ते विचारतो, चंद्र मावळल्याचं मुलगा सांगतो, हातात मशाल दिसते. शब्दांनी रात्र केली जाते. आणि डोळ्यांना काही दिसत नाही असं एकदा ठरलं, की सगळा भार कानांवर येतो.

लेडी मॅकबेथ एकटी उभी आहे. पहारेकऱ्यांना जी दारू पाजली तिचाच घोट घेऊन तिने धीर गोळा केला आहे. घुबड ओरडतं, ती दचकते. आतून नवऱ्याचा आवाज येतो, आणि बेत फसला, पहारेकरी जागे झाले, असं तिला वाटतं. खंजीर तर मी हाताशी ठेवून आले होते, ते त्याला सापडले नसतील असं कसं होईल, असा हिशोब ती मनाशी करते. मग तिच्या तोंडून एक गोष्ट निसटते: झोपलेला राजा तिच्या वडिलांसारखा दिसला नसता, तर तिनेच काम उरकलं असतं. दयामाया शोषून घ्या म्हणणाऱ्या बाईची ही पहिली फट. पुढे पाचव्या अंकात तिचं जे काही होणार आहे, त्याचं बी इथे एका वाक्यात पेरून शेक्सपिअर पुढे जातो.

मॅकबेथ बाहेर येतो. दोघं एकेका शब्दात बोलतात. आवाज ऐकलास का, कोण बोललं, कधी, अशी तुटक प्रश्नोत्तरं होतात आणि एकेका पद्यओळीचे त्यांच्यात तुकडे पडतात. मग तो जे सांगतो त्यात खुनाचं वर्णन जवळपास नाहीच. शेजारच्या खोलीत दोघे झोपेतून जागे झाले, त्यांनी प्रार्थना केली, आणि त्यावर ‘आमेन’ म्हणायला गेलो तर शब्द घशात अडकला, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहतो. मॅकबेथने झोपेचाच खून केला असं ओरडणारा आवाज आपण ऐकला, म्हणतो. बायको वैतागते, कारण तिची नजर भलत्याच गोष्टीवर आहे. जे खंजीर पहारेकऱ्यांपाशी टाकून यायचे होते, ते हा अजून हातात घेऊन उभा आहे.

इथे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. खून दाखवला असता तर आपण मरणाऱ्याकडे पाहिलं असतं. न दाखवल्यामुळे आपण मारणाऱ्याकडे पाहतो. आणि तो पश्चात्तापाचं भाषण करत नाही. त्याची टोचणी शेक्सपिअरने शरीरात नेऊन ठेवली आहे: न फुटणारा एक शब्द, हरवलेली झोप, विसरून हातात राहिलेली हत्यारं. नट जर या जागी ‘मला वाईट वाटतंय’ अशा अर्थाचं काही सुरात म्हणू लागला तर प्रवेश पडतो. हातातल्या खंजिरांचं भान नसणं हाच इथला अभिनय.

खंजीर परत ठेवायला तो जात नाही, ती जाते. तो एकटा उरतो, आणि तेवढ्यात वेशीवर दार ठोठावल्याचा आवाज येतो. तो हातांकडे पाहतो. समुद्रच्या समुद्र आणले तरी हे हात धुतले जाणार नाहीत, उलट सगळं पाणी लाल होईल, असं त्याला वाटतं. ती परत येते तेव्हा तिचेही हात लाल आहेत, पण तिच्या लेखी थोडंसं पाणी पुरेसं आहे. दार वाजतच राहतं. बाहेर कोण आहे हे आपल्याला ठाऊक नाही. पुढच्या प्रवेशात कळतं की मॅकडफ आला आहे, राजाने त्याला पहाटे उठवायला सांगितलं होतं म्हणून. नाटकाच्या शेवटी मॅकबेथला मारणारा हाच माणूस.

आणि अशा वेळी रंगमंचावर येतो एक झिंगलेला दरवान. तो स्वतःला नरकाचा द्वारपाल समजून रमतगमत बडबड करतो आणि दार काही उघडत नाही. या प्रवेशाला फालतू विनोद म्हणून कित्येकांनी नाकं मुरडली. व्यवहार असा, की नटांना हात धुऊन रात्रीचा पोशाख चढवायला वेळ हवा होता. पण थॉमस डी क्विन्सी या इंग्रज निबंधकाराने 1823 मध्ये या ठोठावण्यावरच एक निबंध लिहिला आणि त्यातलं मर्म उलगडलं. खुनाच्या वेळी रोजचं माणसांचं जग जणू थांबलेलं असतं. दार वाजतं तेव्हा ते पुन्हा सुरू होतं, आणि तेव्हाच मधल्या काळात काय घडलं याची भयानकता आपल्याला जाणवते. डी क्विन्सीचं म्हणणं मला पटतं, आणि त्यात एवढंच जोडावंसं वाटतं की दरवान जितका रेंगाळतो तितका आपला जीव टांगणीला लागतो. आपण हसतो, आणि हसतानाही कान दारावर असतात.

टोचणी या नवरा-बायकोंत सारखी वाटली जात नाही, यातली शेक्सपिअरची पारख तर थक्क करणारी आहे. सुरुवातीला सगळा भार मॅकबेथवर आणि सगळा धीर तिच्याकडे आहे. पण तिसऱ्या अंकात तो बँकोच्या खुनाचा बेत तिला न सांगता आखतो. तुला माहीत नसलेलंच बरं, असं लाडाने म्हणतो. त्याच प्रवेशात, तो यायच्या आधी एकटी असताना, ती एवढं करूनही हाती समाधान आलं नाही असं दोन-चार ओळींत बोलून जाते, आणि तो दिसताच चेहरा सावरून उलट त्यालाच झालं गेलं विसरायला सांगते. एका गुन्ह्याने बांधलेली ही दोघं त्याच गुन्ह्याने एकमेकांपासून तुटतात. मेजवानीच्या प्रवेशात बँकोचं भूत मॅकबेथच्या जागेवर येऊन बसतं आणि ते फक्त त्यालाच दिसतं. ती पाहुण्यांना सांभाळते, नवऱ्याला झापते, शेवटी सगळ्यांना घाईने घरी पाठवते. पाहुणे गेल्यावर ती फारसं बोलतच नाही. त्यानंतर शुद्धीवर असलेली लेडी मॅकबेथ आपल्याला पुन्हा भेटत नाही. चौथा अंक तिच्याशिवाय जातो.

ती येते ती पाचव्या अंकाच्या आरंभी, झोपेत चालत. हातात दिवा. तिच्याजवळ सतत दिवा ठेवण्याचा तिचाच हुकूम आहे, असं दासी वैद्याला सांगते. दाट काळोखाला हाक मारणारी हीच बाई आता काळोखात राहू शकत नाही. ती हात चोळत राहते. कधी कधी पाव तास असं चालतं म्हणे. घंटेचे टोल मोजते, म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कोणाला वाटलं असतं, म्हणून नवल करते, आणि मॅकडफच्या बायकोचं काय झालं ते विचारते. त्या बायकोच्या हत्येत हिचा हात नव्हता, तरी तिचंही रक्त हिच्याच हातांवर आहे. थोड्या पाण्याने धुतलं जाईल म्हणणारीला आता अरबस्तानातली सगळी अत्तरंही पुरेशी वाटत नाहीत. तिचं आधीचं बोलणं घट्ट पद्यात आहे. हा प्रवेश विस्कटलेल्या गद्यात आहे. जागेपणी तिने टोचणीची कबुली कधीच धड दिली नाही, म्हणून ती झोपेत वसूल होते. हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज आहे, असं वैद्यच म्हणतो.

ही रचना प्रेक्षकांपर्यंत पोचत होती का, याचा एक अस्सल पुरावा आहे. सायमन फॉर्मन नावाच्या ज्योतिषी-वैद्याने 1611 च्या एप्रिलमध्ये ग्लोबमध्ये हे नाटक पाहून टिपण केलं. त्याने नोंदवलेल्या गोष्टींत दोघांच्या हातांवरचं न धुतलं जाणारं रक्त आहे, खुर्चीत येऊन बसलेलं बँकोचं भूत आहे, आणि झोपेत बोलणारी राणी व तिचे शब्द टिपणारा वैद्य आहेत. हात, खुर्ची, झोप. चारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस घरी नेमकं तेच घेऊन गेला.

आणि मॅकबेथचं काय? माझ्या वाचनात या नाटकातली सर्वांत भीषण गोष्ट अशी, की त्याची टोचणी वाढत जाऊन पश्चात्तापात संपत नाही. ती थांबते. मेजवानीनंतर तो स्वतःशी हिशोब करतो, की रक्तात आपण इतकं आत आलो आहोत की मागे फिरणं आणि पलीकडे जाणं सारखंच कष्टाचं. त्यानंतर तो विचार करायच्या आधीच कृती करायचं ठरवतो, आणि पहिली कृती म्हणजे मॅकडफच्या बायका-मुलांची कत्तल. तिच्यातून त्याला काडीचाही फायदा नाही. आणि लक्षात घ्या, हा खून मात्र शेक्सपिअर आपल्याला दाखवतो. मुलगा आईशी लाडिक, हुशार बोलत असतो आणि मारेकरी आत घुसतात. डंकनच्या वेळी खुनी स्वतःच इतका हादरला होता की आपण फक्त त्याला ऐकणं पुरेसं होतं. आता खुनी हादरत नाही, तो तिथे हजरही नाही. म्हणून हादरण्याचं काम प्रेक्षकावर येऊन पडतं. ही बातमी मॅकडफला कळते, तेव्हा मर्दासारखं सोसण्याचा सल्ला मिळतो. मर्दासारखंच सोसेन, पण माणसासारखं वाटूनही घ्यायला हवं, असं तो उत्तर देतो. लेडी मॅकबेथने पहिल्या अंकात मर्दपणाचा जो अर्थ लावला होता, त्याला हे उत्तर आहे.

शेवटी गढीला वेढा पडतो, आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो, आणि मॅकबेथ म्हणतो की भीतीची चवच आपण विसरून गेलो आहोत. एकेकाळी रात्रीची किंकाळी ऐकून आपले केस उभे राहायचे, हे त्याला आठवतं. मग राणी मेल्याची खबर येते. तो रडत नाही. दिवसामागून दिवस कसे अर्थशून्य सरपटत जातात, एवढंच बोलतो. ‘हॅम्लेट’मधला क्लॉडियस निदान गुडघे टेकून प्रार्थनेचा प्रयत्न करतो, तिसऱ्या रिचर्डला लढाईच्या आदल्या रात्री मेलेली माणसं स्वप्नात येऊन छळतात. मॅकबेथला ही सुद्धा सुटका नाही. ‘आमेन’ घशात अडकला तेव्हा त्याच्यात निदान अडकण्याजोगं काही शिल्लक होतं.

मराठीला हे नाटक परकं नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी त्यावरून ‘मानाजीराव’ लिहिलं, वि. वा. शिरवाडकरांनी 1954 मध्ये ‘राजमुकुट’. विशाल भारद्वाजच्या ‘मकबूल’ने तर ही कथा मुंबईच्या टोळीयुद्धात आणून चेटकिणींच्या जागी दोन पोलीस उभे केले. स्कॉटलंड काढून घेतलं तरी नाटक उभं राहतं, कारण त्याचा पाया राजवाड्यात नसून झोपेत, हातांत आणि कानांत आहे.

पूर्ण नाटक वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा: दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश घ्या, मूळ इंग्रजीत किंवा मिळेल त्या मराठी अनुवादात, आणि दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. तिसऱ्याला टेबलावर टकटक करायला बसवा. भावना आणून वाचू नका, नुसत्या सूचना पाळा, आणि दार वाजेल तिथे खरंच थांबा.